‘सर्व्हे’ या एका शब्दाचे चार अर्थ

कृष्णा व वारणा या नद्यांच्या कांठच्या गांवांत, इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्या तोंडींही जे इंग्रजी शब्द कायमचे रुळले, त्यांत ‘सर्व्हे’ हा एक होय. ‘सर्व्हे नंबर’, ‘सर्व्हेवाले’, ‘आमच्या शेताचा सर्व्हे झाला’ असे प्रयोग नित्य कानीं पडतात. परंतु या शेवटच्या वाक्याचा अर्थ आज निदान चार प्रकारांनीं होऊं शकतो. कोणी शेताची हद्द मोजली, कोणी उभ्या पिकाची नोंद केली, कोणी पुरानें झालेल्या नुकसानीचा पंचनामा केला, अथवा कोणी गांवठाणावरून ड्रोन उडविला. या चारही गोष्टींस आपण सर्व्हेच म्हणतों. चौघांचे कागद निराळे आणि त्यांचें वजनही निराळें. हा भेद ज्यास ठाऊक नाहीं, तो एका कागदाच्या भरंवशावर दुसऱ्या कागदाचें काम साधूं पाहतो व पुढें पस्तावतो. म्हणून या शब्दाचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

इंग्रजींत हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून आला. ‘वरून पाहणें’ हा त्याचा मूळ अर्थ. त्यास पुढें दोन फांद्या फुटल्या. एक, एखाद्या गोष्टीचें समग्र अवलोकन. दुसरी, साखळी लावून केलेलें जमिनीचें माप. इंग्रजींत या दोहोंस एकच नाम आहे. मराठींत मात्र दोन स्वतंत्र शब्द आहेत. पाहणी ही डोळ्यांची, मोजणी ही साखळीची. जुन्या दप्तरांत मोजणीस ‘पैमाश’ असा फारसी शब्द आढळतो. ‘भूमापन’ व ‘सर्वेक्षण’ हे अलीकडचे शासकीय शब्द. पहिला जमिनीपुरताच चालतो, दुसरा कोणत्याही तपासणीस लावतात. सारांश, आपली भाषा या बाबतींत इंग्रजीपेक्षां अधिक नेमकी आहे. आपणच तो नेमकेपणा टाकून दिला आहे.

जमीन मोजणें हें इंग्रजांनीं आणलेलें नव्हे. शिवछत्रपतींच्या काळीं अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखालीं जमिनीची मोजणी झाली. पांच हात पांच मुठींची काठी, व वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे एक बिघा, असें तेव्हांचें मान सांगतात. इंग्रजी अमलांत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३५-३६ च्या सुमारास पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत नवी पद्धत सुरू केली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें तिचे नियम कायम झाले. सातारचें राज्य १८४८ मध्यें खालसा झाल्यावर ही पद्धत तेथेंही आली. प्रत्येक शेतास हद्दीच्या खुणा घालाव्या, क्रमांक द्यावा, नकाशा काढावा, जमिनीचा कस आण्यांत ठरवावा व त्यावरून आकार बसवावा, असा तो क्रम होता. त्या क्रमांकास ‘सर्व्हे नंबर’ म्हणूं लागले. आणि ‘माझे दोन सर्व्हे ओढ्यापलीकडे आहेत’ असें कोणी म्हणतो तेव्हां तेथें सर्व्हे ही क्रिया राहत नाहीं, जमिनीचा तुकडाच होतो.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ही सारी मोजणी सारा ठरविण्यासाठीं होती. मालकी ठरविण्यासाठीं नव्हे. हक्कांची नोंद ठेवण्याचा स्वतंत्र कायदा मुंबई इलाख्यांत १९०३ मध्यें झाला, म्हणजे इंदापूरच्या दरांनंतर सुमारें सदुसष्ट वर्षांनीं. मोजणी व हक्क या दोन गोष्टी जन्मापासूनच निराळ्या आहेत. मोजणीचा नकाशा शेत कोठें व केवढें हें सांगतो. तें कोणाचें, हें खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा व प्रसंगीं दिवाणी न्यायालय सांगतें.

पुढें १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यान्वयें ज्या गांवांत योजना अमलांत आली, तेथें सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळें आजोबांच्या दस्तांत एक क्रमांक व आजच्या सात-बाऱ्यावर दुसरा, असें होतें. अशा वेळीं दोन्ही क्रमांकांचा मेळ घालणारा उतारा काढल्यावांचून खरेदीचा इसार देऊं नये.

आतां आजच्या चार ‘सर्व्ह्यां’कडे वळूं.

पहिला, हद्दीची मोजणी. ही तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयाकडे अर्ज व फी भरल्यावर होते. शेजाऱ्यांस नोटीस जाते व शेवटीं नकाशाची ‘क’ प्रत मिळते. तीवर हरकत असेल तर वरिष्ठाकडून निमताना मोजणी मागतां येते. खाजगी माणसाकडून टेप लावून घेतलेलें माप स्वतःच्या माहितीस ठीक. वादांत त्यास सरकारी मोजणीची किंमत नाहीं.

दुसरा, पीक पाहणी. ही सात-बाऱ्यांतील ‘बारा’ची बाजू. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवरून ही नोंद करण्याची सोय महाराष्ट्रांत झाली. पीक कर्ज, विमा व सरकारी खरेदी यांस हिचा उपयोग. मालकीशीं हिचा संबंध नाहीं.

तिसरा, नुकसानीचा पंचनामा. २०१९ व २०२१ च्या महापुरांत सांगली व सातारा जिल्ह्यांतील हजारों शेतकऱ्यांस हा शब्द पाठ झाला. पिकाचें नुकसान ३३ टक्के वा अधिक असल्यास मदतीचा विचार होतो. परंतु पंचनाम्यांत ऊस व पीक पाहणींत सोयाबीन असें असेल तर अडचण ठरलेलीच. दुसरा सर्व्हे चुकविणाराचा तिसरा सर्व्हे लंगडा पडतो.

चौथा, गांवठाणाचा ड्रोननें केलेला नकाशा. २४ एप्रिल २०२० रोजीं जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेचें हें काम. यांतून घराची मिळकत पत्रिका मिळते. हें गांवठाणापुरतें आहे. ‘ड्रोन येऊन गेला, आतां शेताची मोजणी नको’ असें समजणें सर्वस्वीं चुकीचें आहे.

या शब्दभेदास किती मोल आहे तें एका हिशेबानें पाहूं. जुनी साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी औरस-चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. समजा, दहा साखळ्या, म्हणजे ३३० फूट लांबीचा सामाईक बांध आहे. नांगराच्या तासागणिक तो दहा-पंधरा वर्षांत सव्वातीन फूट सरकला, तर जवळ जवळ एक गुंठा जमीन गेली. मधल्या काळांत त्या शेताची पीक पाहणी दर हंगामांत झाली असेल, पंचनामेही झाले असतील. सात-बाऱ्यावर क्षेत्र तेंच राहील, आकारही तोच राहील. गेलेला गुंठा त्यांपैकीं एकाही कागदांत दिसणार नाहीं. तो केवळ मोजणींत दिसेल.

म्हणून ‘सर्व्हे झाला’ असें कोणी म्हणाल्यास तीन प्रश्न विचारावे : कोणीं केला, कशाचा केला, आणि कोणता कागद हातीं दिला? उत्तर मिळालें कीं त्या कामास त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारावी. मोजणीस मोजणी म्हणावें, पाहणीस पाहणी, पंचनाम्यास पंचनामा. सही करण्यापूर्वीं तर हें अवश्य करावें. कारण भावाभावांचे व शेजाऱ्यांचे कित्येक दावे, एकानें एक अर्थ धरला व दुसऱ्यानें दुसरा, येथूनच सुरू होतात.