आपली नक्कल करणारा रेणू

घरातले विरजण संपले की आपण शेजारून चमचाभर आणतो. विरजणाशिवाय दही नाही आणि दह्याशिवाय विरजण नाही. मग पहिले विरजण आले कुठून? सजीवांच्या उगमाचा शोध घेताना शास्त्रज्ञ असेच अडले होते. प्रथिने कशी बनवायची याच्या सूचना डीएनएमध्ये असतात, पण डीएनएची नक्कल करायला प्रथिनेच लागतात. दोन्ही एकदम, योगायोगाने अवतरली, हे पटणे कठीण.

वाट दाखवली ती आरएनएने. १९८२ मध्ये अमेरिकेत थॉमस चेक यांना एका एकपेशीय जीवाचा आरएनए प्रथिनाच्या मदतीविना स्वतःलाच कापून पुन्हा जोडून घेताना आढळला. म्हणजे हा रेणू नुसता निरोप्या नाही, कारागीरही आहे! आपल्या पेशींत अमिनो आम्लांची जोडणी आजही रायबोसोममधला आरएनएच करतो. डीएनए आणि प्रथिने नंतरची, आधी होते ते आरएनएचे जग, असे आज अनेकजण मानतात.

पण असे रेणू मोकळे सोडले तर काय होईल? याचे उत्तर सोल स्पीगलमन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगात मिळते. त्यांनी परीक्षानळीत एका विषाणूचा आरएनए, त्याची नक्कल करणारे विकर आणि कच्चा माल एकत्र केला. थोड्या वेळाने त्यातला थेंब नव्या नळीत, त्यातला पुढच्या नळीत. अगदी विरजण लावावे तसे, ७४ वेळा. शेवटी रेणूची लांबी उरली मूळच्या सुमारे १७ टक्के! विषाणूचे कवच बनवण्याच्या सूचना नळीत निरुपयोगी होत्या. जो आखूड, त्याची नक्कल लवकर. पुढच्या थेंबात तोच जास्त. (या बुटक्याला टोपणनाव मात्र मिळाले ‘स्पीगलमनचा राक्षस’.)

निर्जीव रेणूंतही निवड होते, हे दिसले. पण नुसत्या शर्यतीत माहिती वाढत नाही, गळते, हेही दिसले. मग लांब, गुंतागुंतीचे रेणू टिकले कसे? माझ्या मते खरे कोडे हेच. एक उत्तर असे, की चरबीसारख्या पदार्थांच्या सूक्ष्म पिशव्यांत रेणू कोंडले गेले असावेत. मग ऐतखाऊ रेणू फार तर आपलीच पिशवी बुडवणार.

शिवाय स्पीगलमन यांचे विकर प्रथिनाचे, म्हणजे उसनेच. २००९ मध्ये लिंकन आणि जॉइस यांनी एकमेकांना घडवणारी आरएनएची जोडी तयार केली. प्रथिनाविना ती तासाभरात दुप्पट होई. जोडायचे तुकडे मात्र माणसानेच आयते पुरवले होते.