सेवासंस्थेचा हिशोब कोणाला द्यावयाचा?

इंदूरच्या स्नेहलतागंजात एका लहान सेवानिधीच्या कारभाराचा विचार करण्यासाठी आम्ही काही जण बसलो असता एक साधा, पण अवघड प्रश्न पुढे आला. माळव्यातील एका गावी वाचनालय बांधण्यासाठी दूरच्या एका देणगीदाराने रक्कम देऊ केली होती. गावातील स्त्रियांना मात्र विहिरीची दुरुस्ती हवी होती. पैसा ज्याचा, अखेरचा शब्दही त्याचाच असावा काय? लहान संस्था चालविणाऱ्यांना आज ना उद्या या प्रश्नाला सामोरे जावेच लागते.

पवित्र शास्त्रात याविषयी दोन धडे सापडतात. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमविलेल्या वर्गणीची व्यवस्था पौलाने एकट्याच्या हाती ठेवली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेला एक बंधू त्याने पाठविला. कारभारात कोणास बोट ठेवावयास जागा राहू नये, हा हेतू (२ करिंथ ८:१६-२१). हा देणाऱ्यांना द्यावयाचा हिशोब होय. दुसरा धडा प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. ग्रीक बोलणाऱ्या यहूदी लोकांतील विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होत असल्याची कुरकुर उठली, तेव्हा सात जण निवडले गेले. त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली, त्यांच्याच बाजूच्या लोकांकडे कारभार सोपविला गेला, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

हे दोन्ही धडे एकत्र पाळणे किती कठीण, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून कळते. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे त्यांच्या साह्यार्थ रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. तेथील मित्रांनी दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. शाळेत धर्मप्रसार होऊ नये, अशी मर्यादा ठरली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार होते. मुलींना आपापले धर्माचार पाळण्याची मोकळीक होती. परंतु बाई स्वतः प्रार्थनेस बसत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. सल्लागारांनी अंग काढून घेतले. अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या.

येथे एका पक्षास दोषी ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. सल्लागारांना दिलेल्या शब्दाची चाड होती. बाईंना आपली उपासना लपविणे असत्य वाटत होते. मात्र ज्यांच्यासाठी हे सर्व चालले होते, त्या मुलींना त्या वादात कितीसे स्थान होते, हा प्रश्न आजही आपल्याला टोचला पाहिजे.

रमाबाईंनी पुढे केलेल्या दोन गोष्टी चालकांनी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. परक्या पैशावर संस्था कायमची टांगून राहू नये, म्हणून त्यांनी केडगाव येथे जमीन घेऊन फळबागेचा उद्योग मांडला. तसेच दहा वर्षांची मुदत संपल्यावर १८९८ मध्ये त्या स्वतः अमेरिकेस गेल्या. जुने असोसिएशन विसर्जित होऊन नवे उभे राहिले. जुन्या शब्दावर नवे काम लादले गेले नाही.

आणखी एक गोष्ट. शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. १८९३ मध्ये तिचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. तीच पुढे आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया कर्वे. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा त्या कार्यात बायांनीही आपला वाटा उचलला. जिला आधार मिळाला तीच दुसऱ्यांचा आधार झाली. आमच्या मते सेवासंस्थेच्या यशाची हीच खरी मोजपट्टी.

आज कायदाही देणाऱ्यांच्या हिशोबावर कडक नजर ठेवतो. २०१० च्या विदेशी अंशदान कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली; परदेशी देणगीतून प्रशासनावर २० टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेस देता येत नाही. हे नियम काटेकोर पाळावेतच. पण गावकऱ्यांना हिशोब द्या, असे सांगणारा तपासनीस सहसा कोणी येत नाही. तो आपल्या विवेकबुद्धीनेच नेमावयाचा असतो.

आमच्या बैठकीत शेवटी दोन ठराव झाले. देणगीदारास खरी गरज स्पष्ट शब्दांत कळवावी. ती मान्य नसल्यास रक्कम आभारपूर्वक परत करावी, परंतु वाचनालयाच्या नावाने घेतलेला पैसा विहिरीकडे वळवू नये. आणि समितीवर त्या गावच्या दोन स्त्रियांना घ्यावे. रक्कम गेली तर विहिरीचे काम लांबणीवर पडेल, याची आम्हांला जाणीव होती. तरीही हाच मार्ग सरळ वाटला. देणाऱ्याला प्रामाणिक हिशोब मागण्याचा अधिकार आहे. घेणाऱ्याच्या जीवनाची दिशा ठरविण्याचा नाही. हा भेद ज्याने जपला, तोच विश्वासू कारभारी.