पाऱ्याचा हिशेब आणि हिशेबाबाहेरची माणसे

माझी आई एका इस्पितळात झाडूवाली होती. वॉर्डात थर्मामीटर फुटला की तिला हाक येई. काच टोपलीत टाकून ती फरशीवर घरंगळणारे पाऱ्याचे थेंब पुठ्ठ्याच्या तुकड्याने एकत्र करी, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरी आणि ती बाटली आम्हां मुलांना खेळायला घरी आणी. आम्ही तो पारा तळहातावर नाचवला, तांब्याच्या पैशाला चोळून त्याला चांदीसारखी चकाकी आणली. इस्पितळाच्या साठावहीत त्या थर्मामीटरची नोंद होई: एक नग फुटला, खारीज. पारा कोठे गेला, याचा रकाना त्या वहीत नव्हता. तो कोणाच्या हाताने उचलला गेला, हा प्रश्न तर कोणाच्या मनातही येत नव्हता.

पुढे मी रसायनशास्त्र शिकलो आणि शिकवू लागलो. तेव्हा त्या बाटलीत काय होते ते कळले. पारा साध्या खोलीतल्या उष्णतेलाही हळूहळू वाफ होऊन उडत राहतो. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. श्वासातून आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे 80 टक्के पारा शरीरात शोषला जातो. मेंदू आणि मूत्रपिंड ही त्याची मुख्य लक्ष्ये. हात थरथरणे, हिरड्या सुजणे, झोप उडणे, विसरभोळेपणा, चिडचिड ही त्याची लक्षणे. आपल्या वस्तीत अशा माणसाला 'दारूने हात कापतात' किंवा 'वयोमानाने झाले' असे म्हणून मोकळे होतात. थर्मामीटरमध्ये पारा एक ग्रॅमहून कमी असतो, पण रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्रात तो शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. बंद खोलीत ते यंत्र फुटले आणि कोणी तो पारा केरसुणीने झाडला, तर बारीक थेंब होऊन वाफ अधिकच वाढते. झाडणे हा सर्वांत वाईट उपाय, आणि आमच्या माणसांना नेमका तोच शिकवलेला.

पाऱ्याचा हिशेब सरकारे का मागतात, हे यावरून समजते. पारा हे मूलद्रव्य आहे. तो जाळून संपत नाही, कुजत नाही. रूप बदलतो, जागा बदलतो, पण नाहीसा होत नाही. म्हणून त्याची वही किराणा दुकानाच्या वहीप्रमाणे जुळलीच पाहिजे: जेवढी आवक, तेवढीच विक्री, शिल्लक आणि घट मिळून भरली पाहिजे. घट म्हणून जो आकडा उरतो तो हवेत, पाण्यात, मातीत किंवा माणसाच्या फुफ्फुसात गेलेला पारा असतो. हा घटीचा आकडा लपवता येऊ नये, एवढ्यासाठीच बाकीचे सारे रकाने असतात.

हिशेब न मागितल्याची किंमत जपानमधल्या मिनामाता गावच्या कोळ्यांनी मोजली. तेथील चिस्सो कंपनीचा कारखाना अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार करताना पारा वापरी आणि सांडपाणी उपसागरात सोडी. मासे खाणारी मांजरे वेडीवाकडी नाचून मरू लागली, मग माणसे. 1956 साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारण कारखान्यातला पारा आहे हे सरकारने मान्य करायला 1968 उजाडले. त्याच गावाचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार 2013 साली झाला आणि 16 ऑगस्ट 2017 पासून अमलात आला. भारताने 2014 साली त्यावर सही केली आणि 2018 साली त्याला मान्यता दिली. या करारातील तिसऱ्या कलमानुसार प्रत्येक देशाने 50 मेट्रिक टनांहून अधिक पाऱ्याचे साठे आणि वर्षाला 10 टनांहून अधिक साठा निर्माण करणारे स्रोत शोधण्याचा प्रयत्न करायचा आहे. दुसऱ्या देशाला पारा विकण्यापूर्वी त्या देशाची लेखी संमती घ्यायची आहे. एकविसाव्या कलमानुसार आपण काय केले याचा अहवाल द्यायचा आहे.

हा हिशेब कायद्याच्या भाषेत कसा मांडतात, हे पाहण्यासाठी मी अमेरिकेचे उदाहरण घेतो, कारण तेथला नियम बराच सविस्तर आहे. 2008 च्या कायद्याने अमेरिकेने शुद्ध पाऱ्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती 2013 च्या आरंभापासून लागू झाली. 2016 साली विषारी रसायनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि देशातील पाऱ्याचा पुरवठा, वापर आणि व्यापार यांची यादी दर तीन वर्षांनी प्रसिद्ध करण्याची जबाबदारी पर्यावरण संरक्षण संस्थेवर आली. त्यासाठी माहिती कोणी द्यायची हे ठरवणारा नियम जून 2018 मध्ये निघाला. जो पारा तयार करतो किंवा आयात करतो, जो पारा घातलेल्या वस्तू तयार करतो किंवा आयात करतो, आणि जो उत्पादनाच्या प्रक्रियेत जाणूनबुजून पारा वापरतो, त्याने विवरण भरायचे. किती तयार केला, किती आणला, किती साठवला, किती विकला, किती परदेशी पाठवला, कोणत्या देशातून आला आणि कोणत्या उद्योगाला गेला, हे सांगायचे. पहिले विवरण 2018 या वर्षाचे होते आणि ते 1 जुलै 2019 पर्यंत द्यायचे होते. पुढे 2021 आणि 2024 या वर्षांची पाळी आली. अमुक किलोखाली सूट, अशी सरसकट सवलत त्यात ठेवली नाही, ही चांगली गोष्ट. पाऱ्याच्या बाबतीत थोडे म्हणजे निरुपद्रवी असे नसते.

पण प्रत्येक कायद्याची परीक्षा त्याने कोणाला वगळले यावरून करावी, असे आपल्या चळवळीने आपल्याला शिकवले आहे. या नियमाने आत पाऱ्याचा सुटा भाग बसवलेल्या तयार वस्तू आयात करणाऱ्यांना सूट दिली होती. पाऱ्याची घुंडीएवढी बॅटरी बसवलेले खेळणे आणले तर हिशेब नको! एक पर्यावरणवादी संघटना आणि व्हर्मांट राज्य न्यायालयात गेले आणि 2020 साली ती सूट रद्द झाली. दुसरी वगळणूक मात्र नियमाच्या रचनेतच आहे. पारायुक्त कचरा निर्माण करणारे, हाताळणारे आणि त्याची व्यवस्था लावणारे या विवरणात येत नाहीत. त्यांनी त्यातून पारा काढून पुन्हा वापरात आणला किंवा त्यासाठी साठवला तरच येतात. कचऱ्यासाठी तेथे वेगळे कायदे आहेत, हे खरे. पण एकूण मांडणी काय सांगते? बाजारात किंमत असेपर्यंत पाऱ्याची वही चालू राहते. तो कचरा झाला की त्याचे पान दुसऱ्या वहीत जाते. आणि कचऱ्याच्या पानावर कोणाचे हात असतात, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

ही दोन पाने जोडली नाहीत म्हणजे काय होते, हे तामिळनाडूतल्या कोडाईकनालने दाखवले. अमेरिकेतील वॉटरटाउन येथील थर्मामीटरचा कारखाना 1980 नंतरच्या दशकात तेथून उचलून या डोंगरावर आणला गेला. नंतर तो हिंदुस्तान लिव्हरकडे आला. पारा बाहेरून येई, थर्मामीटर बाहेर जात. आवक आणि जावक दोन्ही कागदावर होती. 2001 साली स्थानिक लोकांना आणि पर्यावरण कार्यकर्त्यांना गावातल्या एका भंगाराच्या वखारीत पाऱ्याने माखलेल्या काचेचा सात टनांहून मोठा ढीग सापडला. कारखाना बंद झाला. 2003 साली सुमारे 290 टन पारायुक्त कचरा अमेरिकेला परत पाठवावा लागला. घटीचा रकाना कोणी भरून घेतला? निरीक्षकाने नव्हे. वखारीत शिरून ढीग पाहणाऱ्या माणसांनी तो भरून घेतला. कामगारांच्या आजारांचा पाऱ्याशी संबंध कंपनीने मान्य केला नाही. 2016 साली 591 माजी कामगारांशी तडजोड झाली. पाऱ्याचे टन मोजले गेले. कामगाराच्या रक्तात आणि लघवीत किती पारा होता याची विश्वासार्ह वही त्या काळात ठेवली गेली असती, तर पंधरा वर्षे वाद घालावा लागला नसता.

आपल्याकडे नियम नाहीत असे नव्हे. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे कारखान्याने नमुना 3 मध्ये रोजची नोंद ठेवायची आणि नमुना 4 मध्ये वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचे. इस्पितळांनीही जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल त्याच तारखेपर्यंत द्यायचा. 1948 च्या कारखाना कायद्याने पाऱ्याची विषबाधा हा सरकारला कळवलाच पाहिजे असा रोग ठरवला होता, आणि 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेतही तो तसा आहे. पण इस्पितळ हा कारखाना नव्हे आणि झाडूवाली आता बहुधा ठेकेदाराची. तिचे नाव इस्पितळाच्या हजेरीपटावरच नाही, तर तिचा रोग कोण कोणाला कळवणार?

मोजणी आणि सत्ता यांचे नाते बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखले होते. 1932 साली लोथियन समितीपुढे अस्पृश्यांच्या संख्येचा प्रश्न आला तेव्हा काही प्रांतांतून उत्तर आले की आमच्याकडे अस्पृश्य नाहीतच, किंवा अगदी थोडे आहेत. समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी आपले स्वतंत्र टिपण लिहून या गणिताला विरोध केला. संख्या शून्य दाखवली की हक्कही शून्य होतो, हे त्यांना दिसत होते. हाताने मैला उचलणाऱ्यांची पाहणी करतानाही अनेक ठिकाणांहून 'निरंक' असेच अहवाल आले. पाऱ्याच्या वहीतला माणसाचा रिकामा रकाना मला त्याच परंपरेतला वाटतो. तेथे कोणी खोटा आकडा लिहिलेला नसतो. आकडा लिहायला जागाच ठेवलेली नसते.

मग आपण काय करावे? त्याच 2016 च्या नियमांतील पाचव्या नियमाने राज्याच्या कामगार विभागावर एक जबाबदारी टाकली आहे: घातक कचऱ्याच्या पुनर्वापराच्या कामात असलेल्या कामगारांची ओळख पटवून नोंदणी करणे, त्यांचे गट बांधायला मदत करणे आणि त्यांच्या आरोग्याची व सुरक्षिततेची दरवर्षी पाहणी करणे. आपल्या जिल्ह्यात अशी किती नोंदणी झाली, हे कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराखाली विचारावे. शिक्षकांनी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत पारा किती आहे, कोणत्या कपाटात आहे आणि सांडला तर तो कोण उचलतो हे पाहावे. विद्यार्थ्यांनी जवळच्या इस्पितळात जाऊन जुनी पाऱ्याची उपकरणे कोणाला दिली, त्याची पावती मागावी. आणि सफाई कामगारांच्या संघटनांनी मागण्यांच्या यादीत पगार आणि कायम नोकरी यांच्या शेजारी एक मागणी लिहावी: पारायुक्त कचऱ्याच्या प्रत्येक नोंदीत तो उचलणाऱ्याचे नाव आणि त्याच्या वैद्यकीय तपासणीची तारीख असावी.

आईचे हात शेवटची काही वर्षे थरथरत. ते पाऱ्याने की वयाने, हे मी शास्त्राचा माणूस असून सांगू शकत नाही. सांगण्यासाठी नोंद लागते, आणि तिची नोंद कोणी ठेवली नव्हती. आज जी बाई केरसुणी घेऊन त्याच फरशीवर उभी आहे, तिच्या मुलाला तरी हे उत्तर देता आले पाहिजे.