एका एकवीस अंकी संख्येचे अवयव

फ्रेंच धर्मोपदेशक मर्सेन याने १६४४ साली असे प्रतिपादन केले की, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ एवढेच घातांक घेतले असता २^प − १ ही संख्या मूळ असते. या यादीत ६७ व २५७ चुकीने आले आहेत, तर ६१, ८९ व १०७ राहून गेले आहेत. येथे ६७ चाच विचार करावयाचा आहे. म्हणजे आपली संख्या

न = २^६७ − १ = १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

ही होय. ती संयुक्त आहे हे ल्यूका याने १८७६ मध्ये सिद्ध केले. परंतु तिचा एकही अवयव त्याच्या हाती नव्हता. अवयव न सापडता संख्या संयुक्त कशी ठरते, ही शंका विद्यार्थ्यांस साहजिकच येते. ल्यूकाच्या कसोटीला लेमरने १९३० मध्ये दिलेले रूप पाहिल्यास ती फिटते. प ही विषम मूळ संख्या घ्यावी. ४ पासून आरंभ करून, पदाचा वर्ग करावा, त्यातून २ वजा करावे व २^प − १ ने भागून शेष ठेवावा. ही क्रिया प − २ वेळा केल्यावर शून्य उरले तर, आणि तरच, २^प − १ मूळ असते. प = ५ असता ४, १४, ८, ० असे शेष येतात; म्हणून ३१ मूळ आहे. प = ११ असता नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात; म्हणून २०४७ संयुक्त. २०४७ = २३ × ८९ हे या कृतीत कोठेच दिसत नाही, हे ध्यानात घ्यावे. न साठी अशा अवघ्या ६५ पायऱ्या पुरतात.

अवयव शोधणे मात्र निराळे. न चा मूळ विभाजक क असेल, तर क च्या सापेक्ष २ ची कोटी ६७ असते. ती क − १ ला भागते, आणि क विषम आहे. म्हणून क = १३४म + १. शिवाय २^६८ व २ यांचे क ने भागिले असता शेष समान येतात. अर्थात २ हा वर्गशेष ठरतो, आणि क ला ८ ने भागल्यास १ किंवा ७ च उरतात. म्हणजे म ला ४ ने भागल्यास ० किंवा १ उरले पाहिजे. इतकी चाळणी लावूनही न च्या वर्गमुळापर्यंत सुमारे साडेचार कोटी उमेदवार उरतात!

कोलने वर्गशेषांचाच अधिक खोल उपयोग करून अवयव काढले व ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क येथील सभेत मांडले:

न = १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

त्याने एक शब्दही न उच्चारता फळ्यावर गुणाकार केला, अशी हकिगत बेलने पुढे लिहिली. तिच्यात थोडा रंग भरलेला असावा. गुणाकार मात्र कोणीही पडताळावा. पहिल्या अवयवासाठी म = १४,४५,५८० येतो, आणि त्याला ४ ने निःशेष भाग जातो.

मूळत्वाची कसोटी व अवयवांचा शोध यांतील हे अंतर आजही बुजलेले नाही. कानपूर येथील अग्रवाल, कयाल व सक्सेना यांनी २००२ मध्ये कोणत्याही संख्येच्या मूळत्वाचा निर्णय, अंकसंख्येच्या बहुपदीइतक्या पायऱ्यांत, निश्चितपणे देणारी रीत दिली. सामान्य संगणकावर अवयव काढण्याची तशी रीत ज्ञात नाही. ती असंभवनीय आहे अशी सिद्धताही कोणी दिलेली नाही. आरएसए ही गूढलेखनपद्धती या अडचणीच्याच भरवशावर उभी आहे.