परसबागेतील भू-ऑर्किड : निवड, पुनर्लागवड आणि मुंग्यांची साक्ष

शीत कटिबंधातील बागकामात ‘काटक ऑर्किड’ म्हणजे बर्फाखाली तग धरून वसंतात पुन्हा फुटणारी जात. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील बेंगळुरूत, बनशंकरीच्या परिसरात, ही व्याख्या उपयोगाची नाही. येथे हिवाळ्यातील किमान तापमान साधारणतः 15 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ऑर्किडची खरी कसोटी लागते ती फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत, आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात लाल चिकणमातीत पाणी साचते तेव्हा. या दोन्ही अवस्था बऱ्यापैकी सोसणारी जात म्हणजे स्पॅथोग्लॉटिस प्लिकाटा. ही मूळची आग्नेय आशियाकडील असून चुणीदार पाने आणि जांभळी फुले यांवरून सहज ओळखता येते.

रानातून खणून आणलेले कंद मात्र लावू नयेत. कासच्या पठारावर पावसाळ्यात फुलणाऱ्या हबेनारिया वर्गातील आमरी कुंडीत टिकत नाहीत, यामागे स्पष्ट कारण आहे. त्यांचा जुना कंद दरवर्षी झिजतो व शेजारी नवा भरतो. फुलोऱ्याच्या वेळी उपटल्यास नवा कंद अपुराच राहतो. शिवाय ऑर्किडच्या धुळीसारख्या बीजात अन्नसाठा जवळजवळ नसतो. निसर्गात ते रुजते ते विशिष्ट बुरशीच्या साहाय्याने, आणि ती बुरशी व परागण करणारे कीटक कुंडीबरोबर घरी येत नाहीत. उपटलेल्या झाडाची हानी एका हंगामापुरती राहत नाही. त्या जागी पडणारे पुढचे बीजही नाहीसे होते.

स्पॅथोग्लॉटिसच्या पुनर्लागवडीचा मुहूर्त पंचांगापेक्षा झाडाने ठरवावा. वळवाच्या सरींनंतर आभासी कंदांच्या बुडाशी नवे कोंब दिसू लागतात. ते बोटभर होण्यापूर्वी आणि त्यांची मुळे लांबण्यापूर्वी गड्डा सोडवावा. प्रत्येक भागात किमान तीन आभासी कंद जोडलेले असू द्यावेत. एकेकटा कंद जगतो, पण फुलण्यास फार काळ घेतो. माती, विटांचे तुकडे, पालापाचोळ्याचे कुजलेले खत व नारळाच्या सालीचे तुकडे यांचे सैल मिश्रण उंच वाफ्यात भरावे. कंद निम्मे मातीवर उघडे ठेवावेत. पुरलेले कंद हमखास कुजतात. पहिले दोन आठवडे पाणी बेताचे आणि सावली अधिक असावी.

गड्डा उपटलेला असतानाच कीटकांची तपासणी करावी, कारण वाळलेल्या पर्णतळाआड खवलेकीड व पिठ्या ढेकूण दडलेले असतात आणि लागवडीनंतर ते दृष्टीस पडत नाहीत. जुनी आवरणे सोलून, मऊ ओल्या ब्रशने कंद पुसावेत. नंतर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व साबणाचे काही थेंब मिसळून सायंकाळी फवारावे. खवल्याखालील अंडी या फवाऱ्यातून वाचतात, म्हणून दहा दिवसांनी फवारणी पुन्हा करणे आवश्यक आहे.

मुंग्या दिसताच औषध मारण्याची घाई अनेक जण करतात. प्रस्तुत लेखिकेच्या मते ती अनाठायी आहे. स्पॅथोग्लॉटिस फुलाबाहेरही, कळ्यांच्या दांड्यावर, मधुरस स्रवते. तो चाखण्यास आलेल्या मुंग्या कळ्या कुरतडणाऱ्या किडींना अटकाव करू शकतात. परंतु मुंग्यांची रांग कळ्यांकडे न जाता पानांच्या बेचक्यात थांबत असेल, तर तेथे पिठ्या ढेकूण असण्याची शक्यता मोठी. त्यांच्या शरीरातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. अशा वेळी पानावर काळी बुरशी व चिकटपणाही आढळतो. तेव्हा मुंग्यांवर नव्हे, ढेकणांवर उपाय करावा. अन्न संपले की रांग आपोआप मोडते.

पावसाळ्यात मात्र मुंग्यांपेक्षा आफ्रिकन गोगलगायीकडे अधिक लक्ष द्यावे. ती कोवळे कोंब व मुळांची टोके खाते आणि दिवसा कुंडीच्या बुडाशी लपते. रात्री विजेरी घेऊन तिला हाताने वेचणे हा घरगुती बागेपुरता पुरेसा उपाय आहे. वेचताना हातमोजे वापरावेत.