पाऊस थांबला तरी मुंबईचं पाणी का ओसरत नाही?

मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधल्या होत्या. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस कोसळला! अरबी समुद्र तापतोय, हवेत बाष्प वाढतंय आणि थोड्या तासांत धो-धो पाऊस पडायचं प्रमाणही वाढतंय.

त्यात भरतीची भर. समुद्राची पातळी चढली की पाणी वाहिन्यांमधून उलटं शहरात शिरू नये म्हणून पातमुखांवरचे, म्हणजे वाहिन्या समुद्राला मिळतात तिथले, दरवाजे बंद करतात. मग पावसाचं पाणीही आतच अडकतं. अशा वेळी हाजी अली, लव्हग्रोव्ह, ईर्ला इथली उदंचन केंद्रं (पंपिंग स्टेशन) ते उपसून समुद्रात टाकतात.

हिंदमाता म्हणजे तर बशीसारखा खोलगट भाग. तिथलं पाणी पंपाने खेचून दादर-परळच्या मैदानांखालच्या टाक्यांत साठवतात आणि ओहोटी लागली की सोडतात.

पण नुसते पंप पुरणार नाहीत. पाणी मुरायला मोकळी माती, कचरा नसलेले नाले आणि शाबूत कांदळवनं, हे तिन्ही हवंच.

आणि हो, मुसळधार पावसाचा इशारा असेल तर निघण्याआधी भरतीची वेळ बघा. साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती असेल तर सखल भाग टाळलेलाच बरा.