चंद्रावर सगळं हलकं, मग विक्रम आपटला कसा?

रबाळे एमआयडीसीतून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आलीये. "दादा, चंद्रावर वजन सहापट कमी होतं म्हणता, मग २०१९ मध्ये आपला विक्रम एवढा जोरात आपटला कसा?" प्रश्न भारी आहे. आजचा भाग त्यावरच.

आधी आकडा. पृथ्वीवर वस्तू हातातून सुटली की तिचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. चंद्रावर फक्त १.६२ ने. म्हणजे साधारण सहावा हिस्सा.

आता सहावाच का? चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या ८१ व्या भागाइतकं. मग ओढ पण ८१ पट कमी हवी ना? पण चंद्र लहान आहे, त्यामुळे त्याच्यावर उभं राहिलात की तुम्ही केंद्राच्या सुमारे ३.७ पट जवळ असता. अंतर घटलं की ओढ वर्गाच्या हिशोबाने वाढते. ३.७ गुणिले ३.७, साधारण १३.५. आता ८१ भागिले १३.५ करा. उत्तर, सहा!

आता विक्रमकडे येऊ. चांद्रयान-३ चा लँडर रोव्हरसकट सुमारे १७५२ किलोचा. त्याला चार मोठी इंजिनं, प्रत्येकाचा जोर ८०० न्यूटन. एकूण ३२०० न्यूटन. हाच लँडर टाकी फुल करून रबाळे स्टेशनबाहेर ठेवला, तर त्याचं वजन भरेल १७ हजार न्यूटनच्या वर. चारही इंजिनं पेटवा, तो जागचा हलणार नाही. चंद्रावर मात्र तेच वजन सुमारे २८४० न्यूटन. तिथे ही इंजिनं पुरतात.

मग अडतं कुठे? वजन घटतं, वस्तुमान घटत नाही. ५० किलोची सिमेंटची गोणी चंद्रावर आठ किलोसारखी उचलता येईल. पण तीच गोणी ढकलत पळालात आणि थांबवायला गेलात, तर ती पूर्ण ५० किलोचाच झटका देणार. विक्रमला तर सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेग मारायचा होता. वर चंद्रावर हवा नाही, म्हणजे पॅराशूट बाद. सगळा ब्रेक इंजिनांचाच.

२०१९ ला इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या आणि लँडरला त्या वेळेत सुधारता आल्या नाहीत. म्हणून चांद्रयान-३ मध्ये पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, उतरायची जागा मोठी धरली. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम अलगद टेकला. त्याच्या रॉकेटची विकास इंजिनं कुठे बनली माहितीये? रबाळ्याच्या खाडीपलीकडे, विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात!

आणि ३ सप्टेंबरला इस्रोने त्याला उडीच मारायला लावली. सुमारे ४० सेंटिमीटर वर, मग ३०-४० सेंटिमीटर बाजूला पुन्हा अलगद खाली. ढोपरापर्यंतची उडी, पण पुढे चंद्रावरून नमुने परत आणायचे तर पहिली पायरी हीच.

जाता जाता एक कोडं. भाजीवाल्या मावशींचा दोन पारड्यांचा तराजू चंद्रावर नेला, तर किलोभर कांदे किती भरतील? कारणासकट व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!